पिल्लू रात्री पिंजऱ्यात रडते : पहिल्या रात्री कशा काढाव्यात?

संत्र्याचा_मळा (मोर्शी तालुका)
१० डिसेंबर, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी.

परवा माहेरून आठ आठवड्यांचे एक पिल्लू आणले. गावठीच आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आहेत, म्हणून मुलांनी तिचे नाव ठिपकी ठेवले. आमच्या पुढच्या खोलीत सध्या कापसाची गंजी लागलेली आहे, सपरीत फवारणीचा पंप आणि औषधांचे डबे असतात आणि मागे गोठा आहे, त्यामुळे रात्री तिला घरभर मोकळे सोडणे शक्य नाही. म्हणून यजमानांनी वेल्डिंगवाल्याकडून तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला.

पहिल्या रात्री पिंजरा सपरीत ठेवला, आत पोते अंथरले, दार लावले आणि आम्ही आत जाऊन झोपलो. ती साडेदहापासून पहाटे चारपर्यंत रडली. सकाळी पाहिले तर दारापाशी तोंड घासून घासून तिच्या नाकावरचे कातडे सोलले होते आणि पोते ओले झाले होते. दुसऱ्या रात्री रडणे सुरू होताच मी तिला बाहेर काढले, वाटीभर गाईचे दूध पाजले आणि मांडीवर झोपवले, पण पिंजऱ्यात ठेवताच पुन्हा तेच. शेवटी मुलांच्या गोधडीत घेतले, तर तिने गोधडीही ओली केली.

यजमान या आठवड्यात रात्री ओलिताला जातात, कारण कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आहे. घरी सासूबाई, दोन मुले आणि मी. रात्री कुत्र्याचे रडणे घराला चांगले नसते असे सासूबाईंचे म्हणणे आहे, आणि शेजारूनही तसाच निरोप आला आहे. रडू द्यावे, आपोआप सवय होते, असे काही जण सांगतात. माझे मन त्याला तयार होत नाही. पिंजरा ठेवावा की नाही, आणि ठेवायचा तर तिला त्यात शांत झोप कशी लागेल, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

रानालगत (भिवापूर तालुका)
१० डिसेंबर, सायंकाळी ७.२५

ताई, बाकी सगळे उद्या करा, पण आज रात्री एक गोष्ट नक्की करा. पिंजरा सपरीतून उचला आणि तुम्ही जिथे झोपता तिथे, तुमच्या अंथरुणाला लागून ठेवा. परवापर्यंत हे पिल्लू आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात झोपत होते. एका रात्रीत त्याचा वास, ऊब आणि आवाज हे सगळेच गेले. ते पिंजऱ्याला रडत नाही, एकटेपणाला रडते. तुमचा हात जाळीपर्यंत पोहोचत असेल तर अर्धे काम तिथेच झाले असे समजा.

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. चार वर्षांपूर्वी आणलेले पिल्लू मी लोकांच्या सांगण्यावरून तीन रात्री गोठ्यात रडू दिले. चौथ्या रात्री ते गप्प झाले, तेव्हा सवय झाली असे मला वाटले. पण त्यानंतर ते पिंजरा दिसला की अंग चोरून बाजेखाली शिरत असे, आणि उचलून नेले तर हातातच लघवी करत असे. ते गप्प झाले होते ते केवळ हाक मारून कोणी येत नाही हे कळल्यामुळे. ती भीती काढायला मला दीड महिना लागला, आणि पुढे त्याने पिंजरा मनापासून कधीच स्वीकारला नाही.

तरीही माझा पिंजऱ्याला विरोध नाही. आमचे गाव उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला आहे आणि बिबट्याला अंगणातले कुत्रे हे सोपे भक्ष्य असते. गेल्या पावसाळ्यात आमच्याच अंगणातून मोठी कुत्री गेली. सकाळी फक्त गळ्यातली साखळी उरली होती. त्या दिवसापासून रात्री घराच्या आत आणि बंद दारामागे, हा आमचा नियम आहे.

गुरांचा_दवाखाना (चांदूर बाजार तालुका)
१० डिसेंबर, रात्री ९.०५

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. वरील भाऊंनी मुळाची गोष्ट सांगितली, मी तिला धरूनच थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम लघवीचे. इतक्या लहान पिल्लाला रात्रभर लघवी धरता येत नाही, ते त्याच्या शरीराच्या आवाक्यातच नसते. जितक्या महिन्यांचे पिल्लू तितके तास आणि त्यात एक तास अधिक, हा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तुमची ठिपकी दिवसा फार तर तीन तास धरू शकेल, रात्री झोपेत थोडे जास्त. साडेदहा ते चार बंद ठेवल्यावर पोते ओले होणारच, आणि झोपायची जागा घाण झाली या अस्वस्थतेने ती अधिक रडणार. म्हणून ती रडायची वाट न पाहता तुम्ही स्वतःच उठा. रात्री दहाला, मग एकच्या सुमारास आणि मग साडेचारला तिला उचलून नेहमीच्या एकाच जागी न्या, काही न बोलता उभ्या राहा, लघवी झाली की हळू आवाजात शाबासकी द्या आणि तशाच शांतपणे परत आणून ठेवा. या वेळी खेळणे नाही, खाऊ नाही, मुलांना उठवणे नाही. रात्री बाहेर नेणे म्हणजे मौज असते असे एकदा तिच्या डोक्यात बसले की ती मौजेसाठीही उठवू लागेल. बाहेर जाताना बॅटरी आणि पायात जोडे असू द्या. जागा कुंपणाच्या आतली निवडा, गावातली कुत्री फिरतात ती नको, कारण लशी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लागण जमिनीवरूनही होऊ शकते.

दूध बंद करा. अनेक पिल्लांना गाईचे दूध पचत नाही, पोट ढिले होते, आणि रात्रीच्या रडण्याचे कारण कित्येकदा पोटातली कळ असते. संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान ज्वारीची मऊ भिजवलेली भाकर आणि उकडलेले अंडे, किंवा पिल्लांचे तयार खाद्य मिळत असेल तर ते द्यावे. कांदा घातलेले वरण-भाजी तिला देऊ नये, कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. सध्या थंडी आहे, तेव्हा झोपण्याआधी तासभर पाण्याचे भांडे उचलले तरी चालेल.

पिंजरा तुम्ही पुढचा विचार करून मोठा केला हे योग्य आहे, पण आज तो तिला जास्त मोठा आहे. तिला उभे राहता यावे, गिरकी घेता यावी आणि पाय पसरून झोपता यावे, एवढीच जागा असावी. त्याहून मोठी असली की ती एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते. संत्र्याचे रिकामे प्लास्टिकचे कॅरेट मागच्या बाजूने आडवे घालून तारेने घट्ट बांधा, ती वाढेल तसे मागे सरकवा. गळ्यात पट्टा किंवा दोरी ठेवून पिंजऱ्यात कधीही घालू नका. पट्टा जाळीत अडकून पिल्लू गुदमरल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

उबेसाठी गरम पाण्याची बाटली फडक्यात नीट गुंडाळून एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दूर सरकता येईल. कोंबडीच्या पिल्लांवर टांगतात तसा बल्ब पिंजऱ्यात टांगू नका, वायर चावली तर अनर्थ होईल. माहेरी निरोप पाठवून तिच्या आईच्या अंगाखालचा फडक्याचा तुकडा मागवून घ्या. तो धुऊ नका. त्या वासाची किंमत दहा खेळण्यांपेक्षा जास्त आहे.

जमीन शेणाने सारवलेली आहे का? असेल तर जिथे लघवी झाली तिथला पापुद्रा खरवडून काढा, ऊन लागू द्या आणि मग नव्याने सारवा. लघवी मुरलेल्या जागेवर वरवर सारवले तर आपल्याला वास येत नाही, पण तिला येतो आणि ती तिथेच परत बसते. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. फिनाईल टाकलेल्या ओल्या फरशीवर तिला सोडू नका, पायाला लागलेले ती चाटते.

कोरडवाहू (दारव्हा तालुका)
११ डिसेंबर, सकाळी ६.५०

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. आमच्या गावात पिढ्यानपिढ्या कुत्री ओसरीवर, गंजीच्या आडोशाला, जागलीच्या मचाणाखाली मोकळी झोपत आली. रोही आणि रानडुकरे हाकणारी कुत्री अशीच तयार झाली. कोंडलेले जनावर चिडखोर होते असा माझा अनुभव आहे. शहरात फ्लॅटमध्ये पिंजरा लागत असेल, पण एवढे अंगण असताना गावठी पिल्लाला लोखंडी जाळीत कशासाठी घालायचे?

गुरांचा_दवाखाना
११ डिसेंबर, सकाळी ११.३०

भाऊ, तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. पिंजरा हा शिक्षेसाठी किंवा आपल्या सोयीसाठी दिवसभर कोंडण्याकरिता वापरला तर जनावर बिघडतेच. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदाही हेच सांगतो. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे, हे दोन्ही त्यात क्रूरतेत मोडते.

परंतु मोकळी झोपणारी जी कुत्री आपण पाहतो ती जगलेली कुत्री असतात. जी पिल्ले त्याच अंगणात बैलगाडीखाली, ट्रॅक्टरखाली, विषारी औषधाने किंवा साप चावून गेली, ती आपल्या आठवणीत राहत नाहीत. मी नोकरीत असताना दवाखान्यात आणलेली अशी पिल्ले बरीच पाहिली, आणि पुष्कळदा उपचाराची वेळ निघून गेलेली असे. दोन महिन्यांचे पिल्लू जे दिसेल ते तोंडात घालते. ताईंच्या सपरीत कीटकनाशकांचे डबे आहेत. रात्रीचे काही तास, माणसाच्या शेजारी, दार बंद पण मन शांत, एवढ्यासाठीच पिंजरा वापरावा असे माझे मत आहे. ती मोठी झाल्यावर तिला ओसरीवर झोपवायचे की नाही हे तेव्हा ठरवता येईल. ताई, ते डबे मात्र आजच कुलपात ठेवा, कारण पिंजरा फक्त रात्रीपुरता आहे.

कोरडवाहू
११ डिसेंबर, दुपारी १२.१५

माणसाच्या शेजारी ठेवणार असाल तर माझा आक्षेप उरत नाही. सपरीत एकटे कोंडण्याला माझा विरोध होता आणि आहे.

पांढरे_सोने (हिंगणघाट तालुका)
११ डिसेंबर, रात्री ८.४०

ताई, तुमच्या घरात कापसाची गंजी आहे हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. थंडी आहे म्हणून पिंजऱ्यात मऊ अंथरूण करायला कोणी गंजीतला कापूस घालायला सांगेल, किंवा मुले आपणहून घालतील. तसे कृपया होऊ देऊ नका. वेचणीच्या कापसात सरकी असते आणि सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. गाई-म्हशी रवंथ करणाऱ्या असल्यामुळे त्यांना सरकीची ढेप बऱ्याच अंशी पचते, पण कुत्र्याला तो घटक पचत नाही, शरीरात साठत जातो आणि हृदयावर परिणाम करतो. सरकीचे अंथरूण चघळून कुत्री दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकशास्त्रात आहेत.

आमच्याकडे पिल्लू गोठ्यात ढेपेच्या टोपल्यातून खात असे आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे. काही आठवड्यांनी ते धापा टाकू लागले, पोट फुगले, आणि एका सकाळी गेले. कारण आम्हाला नंतर डॉक्टरांनी विचारपूस केल्यावर समजले. अंथरुणाला जुने सुती लुगडे चार पदरी करून घाला, ते रोज धुता येते. खताचे रिकामे पोते कितीही स्वच्छ दिसले तरी नको.

संत्र्याचा_मळा
१३ डिसेंबर, सकाळी १०.२०

आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पांढरे_सोने, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा मुलाने खरोखरच दोन मुठी कापूस पिंजऱ्यात टाकलेला होता. तो लगेच काढला. डब्यांना कुलूप लावले आणि ढेपेचे टोपले उंचावर टांगले.

आता तीन रात्रींचा वृत्तांत. दहा तारखेला रात्री पिंजरा आतल्या खोलीत आणला आणि मी बाज सोडून खाली, पिंजऱ्याला लागून अंथरूण घातले. दार लावल्यावर ती रडू लागली. मी काही बोलले नाही, फक्त दोन बोटे जाळीतून आत घातली. तिने ती आधी चावली, मग चाटली, मग त्यांवर हनुवटी टेकवली. रडणे थांबले तरी बराच वेळ तिचा श्वास हुंदक्यासारखा अडखळत येत होता आणि पोटाची हालचाल माझ्या बोटांना जाणवत होती. हळूहळू तो श्वास लांब झाला आणि हनुवटी जड झाली. माझी बोटे बधिर झाली होती तरी ती काढायला मन धजत नव्हते. सुमारे वीस मिनिटे लागली असावीत.

एकला मोबाईलचा गजर लावून तिला न्हाणीमागच्या कोपऱ्यात नेले. थंडीने ती थरथरत होती, पण लघवी लगेच केली. परत ठेवल्यावर पाच मिनिटे कुरकुरली. साडेचारला मात्र मला जाग आली नाही. ती स्वतः उठली आणि हे रडणे वेगळे होते, एकदम तीव्र आणि सोबत जाळीवर पाय मारणे. मी पोहोचेपर्यंत फडके ओले झाले होते.

काल दादाने आईच्या अंगाखालच्या पोत्याचा तुकडा पाठवला. ठिपकीने तो ओढत कोपऱ्यात नेला आणि त्यात तोंड खुपसून झोपली. ते पाहून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, ‘‘लेकरू आहे ते, माय सुटली तिची.’’

एक अडचण आहे. दिवसा ती पिंजऱ्यात पाऊल टाकत नाही. रात्री मला उचलूनच ठेवावे लागते.

रानालगत
१३ डिसेंबर, दुपारी १.००

ताई, दोन प्रकारचे रडणे तुम्हाला ओळखू आले, ही फार मोठी गोष्ट आहे. कुरकुरीला बोटे पुरेत, तीव्र रडण्याला मात्र लगेच उठावे.

दिवसाचे सांगतो. दार दोरीने उघडे बांधून ठेवा, म्हणजे वाऱ्याने किंवा मुलांच्या धक्क्याने ते आपटणार नाही. एकदा मागे दार आपटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिचे सगळे खाणे पिंजऱ्याजवळ द्या, मग उंबऱ्यावर, मग आतल्या टोकाला. आत गेली म्हणून लगेच दार लावू नका, तिला हवे तेव्हा बाहेर येऊ द्या. आत बसून खाण्यात रमली की क्षणभर दार लोटा आणि तिने मान वर करण्याआधी उघडा, मग हा वेळ वाढवत न्या. खेळून दमल्यावर तिचे डोळे मिटू लागतात ती वेळ उत्तम असते. मुलांना सांगा की ती आत असताना हात घालायचा नाही, ओढून काढायचे नाही, आत शिरून बसायचे नाही. ती तिची जागा आहे, आणि हा नियम सगळ्या घराने पाळला तरच तिला ती आपली वाटेल.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका)
१४ डिसेंबर, रात्री ९.५०

हा धागा उन्हाळ्यातही कोणी वाचेल, म्हणून भर घालतो. वर सांगितलेले गरम बाटली, पाण्याचे भांडे उचलणे आणि काही लोक पिंजऱ्यावर चादर पांघरतात ते, या तिन्ही गोष्टी हिवाळ्याच्या आहेत. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छताखाली मध्यरात्रीपर्यंत धग उतरत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच शरीर थंड करते, आणि कोंदट पिंजऱ्यात ती धापही कामाला येत नाही.

त्या दिवसांत पाणी रात्रभर आत असावे. मातीचे जड भांडे घेतले तर सांडत नाही. पिंजरा टिनाखाली न ठेवता फरशीवर ठेवावा आणि अर्ध्या भागात ओले करून पिळलेले फडके घालावे, म्हणजे ओले की कोरडे हे पिल्लू स्वतः ठरवते. कूलरसमोर ठेवले असेल तर वीज गेल्यावर आपल्याला जाग आली पाहिजे. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल आणि पिल्लू डगमगत असेल तर ते झोपेचे प्रकरण नाही, साध्या पाण्याने अंग भिजवत थेट दवाखाना गाठावा. अंगणात बाजेवर झोपणाऱ्यांनी पिंजरा बाजेशेजारी घेतला तरी चालतो, पण जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे माणसांनीही त्या काळात अंगणात झोपू नये असे मला वाटते.

गुरांचा_दवाखाना
१५ डिसेंबर, सकाळी ८.१५

उत्तम भर. ताई, एक राहिले होते. जंताचे औषध दिले आहे का? या वयात ते दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते, आणि पोटात जंत असलेले पिल्लू रात्री स्वस्थ झोपत नाही. पार्व्हो वगैरे रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने देतात, आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. उलट्या किंवा रक्ताचे जुलाब दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

संत्र्याचा_मळा
२ जानेवारी, सायंकाळी ६.३०

काकाजी, जंताचे औषध दोनदा देऊन झाले आणि लसीचा पहिला डोसही झाला. औषधानंतरच्या दोन दिवसांत तिचे रात्रीचे चुळबुळणे खरोखर कमी झाले.

दिवसाचा क्रम रानालगत भाऊंनी सांगितला तसाच ठेवला. सहाव्या दिवशी ती भाकरीसाठी पूर्ण आत गेली आणि नवव्या दिवशी दुपारी मला न सांगता आत जाऊन झोपलेली सापडली. त्यानंतर आम्ही घाई केली आणि एका रात्री पिंजरा एकदम पुढच्या खोलीत नेला. ती पुन्हा पहिल्या रात्रीसारखी रडली. दहा मिनिटांत पिंजरा परत आणला. आता रोज हातभरच सरकवतो आणि ती जिथे अस्वस्थ होईल तिथे दोन दिवस थांबतो. मी परत बाजेवर झोपू लागले आहे.

पहाटेचे बाहेर नेणे सासूबाईंनी आपणहून घेतले आहे, कारण त्या तशाही चारला उठतात. एकचा गजर गेल्या आठवड्यात काढून टाकला, रात्री दहा ते पहाटे चार ती कोरडी राहते. पिंजराही सरकत सरकत सासूबाईंच्या बाजेच्या पायथ्याशी आला आहे आणि तिथून पुढे नेऊ नका असे त्यांचे म्हणणे आहे. मागचे कॅरेट काल चार बोटे मागे सरकवले.

यजमानांची रात्रीची पाळी पुन्हा सुरू झाली आहे. काल ते दीड वाजता शेतातून परतले तेव्हा कडीचा आवाज ऐकून ती पिंजऱ्यातूनच एकदा भुंकली, त्यांचा आवाज ओळखला आणि परत आईच्या पोत्याच्या तुकड्यावर जाऊन पडली. आठवडाभरात तिला तीन महिने पूर्ण होतील, तेव्हा संक्रांतीच्या आत रेबीजची लस द्यायला तिला तालुक्याला नेणार आहोत.